दोन ताऱ्यांमधली फट

बहरीनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी बॅग उघडली, तेव्हा सगळ्यात वर लोणच्याची बरणी होती, तिच्याखाली मुलीचे कपडे आणि कपड्यांखाली प्लॅस्टिकच्या डब्यात फ्लॉप्या. लोणच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. फ्लॉप्यांचा डबा मात्र उचलून त्याने विचारलं, "फिल्म?"

"नाही. आकडे आहेत."

"कसले आकडे?"

"स्टार्सचे."

"अच्छा, फिल्मस्टार!" तो हिंदीत म्हणाला.

मी बोट वर केलं. त्याने वर छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या मुलीकडे पाहिलं आणि हसून बॅग बंद केली. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चला. पलीकडे नवरा ट्रॉली घेऊन उभा होता. तो माझ्याआधी दोन वर्षं इथे आला होता, ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी मूळची साताऱ्याकडची. पुण्यात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं, काम निम्म्याच्या पुढे गेलं होतं, मध्ये लग्न झालं, मग मुलगी झाली. निरीक्षणं सगळी घेऊन झाली होती. ती त्या फ्लॉप्यांवर होती. उरलं होतं ते त्यांतून काहीतरी काढायचं काम, आणि ते कुठेही बसून करता येईल असं माझ्या गाइड सरांचं म्हणणं होतं. "कॉम्प्युटर मिळाला की झालं," ते म्हणाले होते.

माझा विषय होता एकमेकांना अगदी खेटून फिरणारे जोडतारे. असे तारे आकाशात पुष्कळ आहेत, पण मोठ्या दुर्बिणीतूनही ते दोन दिसत नाहीत. एकच ठिपका दिसतो. तो ठिपका ठरावीक वेळाने मंद होतो, उजळतो, पुन्हा थोडा कमी मंद होतो, पुन्हा उजळतो, कारण आळीपाळीने एक दुसऱ्याच्या आड जातो. आम्ही त्या उजेडाचा आलेख काढायचो. त्यात दोन खड्डे येतात, एक खोल आणि एक उथळ. खड्ड्यांच्या खोलीवरून कोणता तारा किती तापलेला आहे ते कळतं, रुंदीवरून कोण किती मोठा ते कळतं. आणि दोन खड्ड्यांच्या मधला भाग सपाट नसून कमानीसारखा असेल, तर दोघं एकमेकांच्या ओढीने लांबुडके झाले आहेत असं समजायचं, अंड्यासारखे.

माझा तारा वृषभ राशीत होता, दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा. दोघं एकमेकांभोवती जेमतेम चौदा-पंधरा तासांत फेरी मारत. त्याच्यासाठी मी तीन हिवाळे दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत काढले होते. त्याचा उजेड मोजायचा, शेजारच्या एका न बदलणाऱ्या ताऱ्याचा मोजायचा, रिकाम्या आकाशाचा मोजायचा, आणि परत पहिल्यापासून. त्या कामात हुशारीपेक्षा बूड टेकून बसण्याची गरज जास्त.

आमचं घर मनामात होतं, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर. समोरच्या दारात रत्नागिरीकडचं एक कोकणी मुसलमान कुटुंब राहायचं. साहेब खालच्याच एका कापडवाल्याकडे क्लार्क होते. त्यांच्या बायकोला बिल्डिंगमध्ये सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मग मीही म्हणू लागले. त्यांची मुलं मोठी होऊन गावी शिकायला गेली होती. आम्ही आलो त्या आठवड्यात त्या एका ताटावर ताट झाकून माशाचं कालवण आणि भाकऱ्या घेऊन आल्या आणि जाताना माझ्या मुलीला कडेवर घेऊन गेल्या. संध्याकाळी ती जेवून परत आली. पुढे हे रोजचंच झालं.

कॉम्प्युटर मिळायला वर्ष गेलं. नवऱ्याचा एक फिलिपिनो सहकारी नोकरी सोडून कायमचा परत चालला होता, त्याने त्याचा ३८६ कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवला. तो बेडरूममध्ये विंडो एसीच्या खाली बसवला, कारण बाकीच्या खोल्यांत उन्हाळ्यात तो तापून बंद पडायचा. सरांनी पुण्याहून प्रोग्रॅम पाठवला. जगभर सगळे तोच वापरत. त्याला आपण सांगायचं की एक तारा एवढा तापलेला, दुसरा तेवढा, आकार असे, वजनांचं प्रमाण इतकं, कक्षा इतकी कललेली. मग तो गणित करून सांगतो की अशा जोडीचा उजेड कसा बदलेल. तो आलेख आपल्या खऱ्या आलेखावर ठेवायचा, फरक बघायचा, आकडे थोडे हलवायचे, पुन्हा चालवायचा. सगळ्यात छळणारा आकडा वजनांच्या प्रमाणाचा. उजेडात वजन थेट दिसत नाही. त्यामुळे ते प्रमाण आपण आधी गृहीत धरायचं, बाकीचं जुळवायचं, मग प्रमाण जरा वाढवून पुन्हा सगळं जुळवायचं, आणि शेवटी कुठल्या प्रमाणाला जुळणी सगळ्यात चांगली बसली ते बघायचं. एकेका जुळणीला तो ३८६ अर्धा-अर्धा दिवस घ्यायचा.

खाला एकदा दुपारी आल्या, पडद्यावर आकडे सरकत होते ते बघत उभ्या राहिल्या.

"काय करतेस तरी काय गो? सकालपासून ही पेटी चालू हाय."

मी सांगितलं की एक तारा आहे, म्हणजे खरं तर दोन आहेत, त्यांची मोजमापं काढतेय.

"दोन दिसतात काय?"

"नाही खाला. एकच दिसतो."

"मग दोन हायत ह्या कसा कलला?"

मी त्यांना उजेडाचं सांगितलं, ग्रहणाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि वजन? वजन कसा करतेस?"

"त्याचंच तर चाललंय. ते अंदाजाने."

"हां," त्या म्हणाल्या, आणि मुलीला घेऊन गेल्या. त्यांना ते पटलं नव्हतं एवढं मला कळलं. त्यांच्या घरी तांदूळसुद्धा अंदाजाने घेत नसत.

मुलगी तोवर बोलू लागली होती. आमच्याशी ती हळूहळू इंग्रजीत बोलायला लागली, कारण नर्सरीत सगळं इंग्रजी. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. खालांशी मात्र ती अस्सल कोकणीत बोलायची. तिचा 'ळ'चा 'ल' झाला. "माझे डोले जलजलतात," असं तिने एकदा धुळीच्या वाऱ्यातून आल्यावर सांगितलं, तेव्हा नवरा इतका हसला की त्याने तिला तेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. साताऱ्याला सासूबाईंना फोनवर हे ऐकवलं. त्या हसल्या नाहीत.

एका उन्हाळ्यात तिने रीसेटचं बटण दाबलं. सकाळपासून चाललेली जुळणी गेली. मी तिला ओरडले नाही, नुसती पलंगावर बसून राहिले. नवरा शिफ्टवरून आला, त्याने पडदा बघितला, दुसऱ्या दिवशी कारखान्यातून एक पत्र्याचा तुकडा आणून बटणावर बसवला. जेवताना त्याने विचारलं, "एक विचारू का? राग नको मानूस. हे झालं नाही, तर काय बिघडेल?"

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचार केला आणि म्हणाले, "काही नाही बिघडणार."

"बरं," तो म्हणाला. "मग करत राहा. बिघडणार नसेल तर घाई पण नाही."

घाई होती, पण ती विद्यापीठाची होती. माझी नोंदणी संपत आली होती.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला उत्तर आलं. लहान ताऱ्याचं वजन मोठ्याच्या साधारण चार दशांश धरलं की आलेख सगळ्यात छान बसत होता. आणि त्या उत्तरात दोघं एकमेकांना चिकटलेले होते, वरचे थर एकमेकांत मिसळलेले, भुईमुगाच्या जोडशेंगेसारखे. मला फार आनंद झाला. मी सरांना फोन केला. आयएसडीचा फोन, त्यामुळे दोघंही भरभर बोलत होतो.

"चिकटलेले?" सर म्हणाले. "मग दोन खड्ड्यांची खोली एवढी वेगळी कशी? चिकटलेल्यांचं तापमान जवळपास सारखं व्हायला हवं."

"सर, अशा काही जोड्या सापडल्या आहेत. चिकटून अजून फार काळ झाला नसेल तर."

"सापडल्या आहेत. पण तुझी ग्रहणं पूर्ण नाहीत. एक तारा दुसऱ्याला पुरता झाकत नाही. अशा वेळी नुसत्या उजेडावरून काढलेल्या वजनावर विश्वास ठेवायचा नसतो."

"पण जुळणी तिथेच सगळ्यात चांगली आहे, सर."

मग ते म्हणाले, "लिही. पण त्या ताऱ्यावर दुसरं कोणी काम करतंय का बघ. मासिकं बघायला मिळतात का तिथे?"

मासिकं सखीरला होती, युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये, पण तिथे मला कोण आत घेणार? नवऱ्याच्या प्लांटमधल्या एका बहरीनी इंजिनिअरची बहीण तिथे फिजिक्स शिकवायची. तिच्याशी बोलणं झालं. ती म्हणाली, शनिवारी या, इंशाल्ला काहीतरी करू. तिकडे शनिवारी आठवडा सुरू व्हायचा.

नवऱ्याने मला गाडीने सोडलं. शहर मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पिवळट माळरान, मधूनच तेलाच्या नळ्या, आणि मग एकदम कॅम्पसच्या इमारती. ती बाई दारात उभी होती. माझ्याच वयाची, काळ्या अबायात, हातात गाडीच्या किल्ल्या. इंग्लंडला जाऊन तिने स्फटिकांवर डॉक्टरेट केली होती. तिला ताऱ्यांचं काही येत नव्हतं आणि तिने ते लगेच सांगून टाकलं. लायब्ररीत तिने तिच्या जबाबदारीवर माझी सही घेतली आणि म्हणाली, "मला दोन लेक्चर्स आहेत. नंतर चहा घेऊ."

मी मागच्या दोन वर्षांची अनुक्रमणिका बघत गेले. ताऱ्यांची नावं क्रमाने असतात. माझ्या ताऱ्याचं नाव तिथे होतं.

युरोपातल्या तिघांचा लेख होता. त्यांनी उजेड मोजला नव्हता, वर्णपट घेतले होते. फिरताना एक तारा आपल्याकडे येतो तेव्हा दुसरा लांब जातो, आणि त्यांच्या वर्णपटातल्या रेषा त्याप्रमाणे सरकतात. किती सरकल्या यावरून दोघांचा वेग कळतो. ज्याचा वेग जास्त तो हलका. दोघांच्या वेगांचं प्रमाण उलटं केलं की तेच वजनांचं प्रमाण, गृहीत धरण्याचा प्रश्नच नाही. त्यांचा आकडा साडेसहा दशांशांच्या आसपास होता. माझा चार.

मी तो तक्ता तीनदा वाचला. त्यांची काही चूक झाली असेल का, हे शोधायचा प्रयत्न केला. रेषा स्वच्छ होत्या. त्यांची चूक नव्हती. खालांचा चेहरा आठवला वगैरे असं काही झालं नाही. मला आठवलं ते एवढंच, की चौथं प्रकरण टाइप करून झालंय आणि पाचवं त्याच्यावर उभं आहे. एसी इतका जोरात होता की मला थंडी वाजत होती.

ती बाई आली तेव्हा मी मासिक उघडं ठेवून नुसती बसले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. माझं उत्तर चुकलंय."

"किती?"

तिने "कसं" किंवा "का" असं काही विचारलं नाही, किती म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने तो लेख वाचला, सावकाश, रेषांच्या आकृत्या बघत. मग म्हणाली, "यात त्यांनी वजनं दिलेली नाहीत. फक्त प्रमाण. वजनाच्या पुढे त्यांनी काहीतरी चिन्ह लावून ठेवलंय."

"कक्षा किती कललेली आहे ते त्यांना माहीत नाही. वेगावरून ते कळत नाही. ते उजेडावरून कळतं."

"ते तुमच्याकडे आहे?"

"आहे. पण चुकीच्या प्रमाणाबरोबर काढलेलं."

"चहा घेऊ," ती म्हणाली.

तिने मला तिच्याच गाडीतून परत सोडलं. वाटेत आम्ही मुलांच्या शाळांबद्दल बोललो. तिला तीन मुलं होती आणि तिची आई त्यांना सांभाळायची. घरासमोर उतरताना ती म्हणाली, "आमच्या डिपार्टमेंटला नवीन पेंटियम कॉम्प्युटर आले आहेत. सकाळी विद्यार्थी नसतात."

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सांगितलं. "खलास," म्हणाले. "दोन वर्षांचं काम गेलं." रडले पण थोडी. त्याने मला रडू दिलं. मग हात धुऊन ताटावर बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मला नीट सांग. त्या लोकांनी मोजलेलं प्रमाण तुला आता माहीत आहे. ते पक्कं आहे?"

"पक्कं आहे."

"म्हणजे आजपर्यंत तुला जे अंदाजाने धरावं लागत होतं ते आता धरावं लागणार नाही."

"नाही."

"मग कालच्यापेक्षा आज तुझ्याकडे माहिती जास्त आहे की कमी?"

मला त्याचा राग आला. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्त आला. मुलगी मध्येच म्हणाली, "आई इज क्रायिंग," आणि भात मागितला.

चार-पाच दिवस मी कॉम्प्युटर लावलाच नाही. घर साफ केलं, पडदे धुतले, खालांबरोबर खाली जाऊन कापड आणलं. मग सरांना फोन केला. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं. आता तू त्यांच्या प्रमाणाला बांधील राहून सगळं नव्याने काढ. आणि त्यांना लिही. त्यांना कल पाहिजे असणार."

पुढच्या शनिवारपासून मी सखीरला जाऊ लागले. मुलगी शाळेतून खालांकडे जायची. पेंटियमवर जी जुळणी घरी अर्धा दिवस खायची ती चहा पिऊन येईपर्यंत व्हायची. पहिल्यांदा ते बघून मला वाटलं, प्रोग्रॅम मध्येच बंद पडलाय.

प्रमाण पक्कं धरल्यावर बाकीचे आकडे एकामागोमाग एक हलले. मोठा तारा आखडला. तो आता लहान ताऱ्याला चिकटत नव्हता. लहान तारा मात्र फुगून त्याच्या हद्दीपर्यंत पोचला होता. अशा जोडीत प्रत्येक ताऱ्याला एक हद्द असते, तिच्यापलीकडे गेलेला वायू त्याचा राहत नाही, दुसऱ्याकडे वाहतो. म्हणजे दोघं मिसळलेले नव्हते. एकाचं टोक दुसऱ्याच्या दिशेने आलेलं होतं आणि मध्ये फट होती. खड्ड्यांची खोली वेगळी का, या सरांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आलं. दोघांची तापमानं वेगळी होती, कारण ते वेगळेच होते.

मग मी कक्षेचा कल घेतला, त्यांचे वेग घेतले आणि गुणाकार-भागाकार केले. एवढ्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, मी ते तिथल्याच एका कोऱ्या कागदावर केले. ती बाई शेजारी उभी होती. मोठ्याचं वजन सूर्याच्या साधारण दीडपट, लहान जवळपास सूर्याएवढा. मोठ्याची त्रिज्या सूर्याच्या दीडपटीच्या वर, लहानाची सूर्यापेक्षा चांगलीच मोठी. आणि मधली फट सूर्याच्या निम्म्या रुंदीपेक्षाही कमी.

"हे आधी कोणाला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"या खोलीबाहेर?"

"नाही."

ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. मग तिने तो कागद स्वतःकडे ओढून सगळे भागाकार पुन्हा तपासले. एका ठिकाणी मी वर्ग करायला विसरले होते, पण तो आकडा एकाच्या अगदी जवळचा होता, त्यामुळे फरक शेवटच्या दशांशातच पडत होता.

एक गोष्ट राहिली. दोन खड्ड्यांच्या मधल्या ज्या दोन कमानी, त्यांतली एक दुसरीपेक्षा किंचित उंच होती. प्रोग्रॅममध्ये ताऱ्यावर डाग घालता येतो, सूर्यावर असतात तसा थंड डाग, मोठा. तो घातला की कमान बरोबर बसायची. डाग इथे घातला तरी बसायची आणि तिथे घातला तरी बसायची. सर फोनवर म्हणाले, "डाग घातला की काहीही बसतं. तुला तो आहे असं वाटतं का?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग तसंच लिही." मी लिहिलं, की कमानींचा फरक खरा आहे, कारण डाग असू शकेल, पण एवढ्या निरीक्षणांवरून तो कुठे आणि केवढा हे सांगता येत नाही.

त्या युरोपातल्या तिघांना मी त्या बाईच्या ई-मेलवरून लिहिलं. तोवर मी ई-मेल केलेला नव्हता, तिनेच टाइप केला. उत्तर लगेच आलं. त्यांना माझे सगळे आकडे हवे होते आणि त्यांनी स्वतःचे पाठवले. पुढे आमचा एक लहानसा लेख एकत्र आला, त्यात माझं नाव दुसरं होतं. मी भांडले असते तर पहिलं आलं असतं असं सरांचं मत. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं.

व्हायव्हासाठी पुण्याला गेले ती मुलीला खालांकडे ठेवून. नवऱ्याला शिफ्ट होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी बाकी फार विचारलं नाही, पण कमानीवर मात्र अडून बसले.

"डाग घालून ही जुळणी सुधारते हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो सर."

"मग घातला का नाही?"

"दोन वेगळ्या जागी घातला तरी सारखाच बसत होता. त्यातला एक निवडायला मला काही कारण नव्हतं."

"दोन्ही द्यायचे. वाचणाऱ्याला ठरवू द्यायचं. तुम्ही त्याच्यापासून लपवलंत."

मला ते त्या वेळी अन्यायाचं वाटलं. माझ्या सरांनी काही बोलायचा प्रयत्न केला, पण परीक्षकांनी हात वर केला. डिग्री दिली, पण दोन्ही जुळण्या परिशिष्टात घालायच्या अटीवर. त्या घालायला मला पुण्यात आणखी आठवडाभर राहावं लागलं. काही वर्षांनी त्या युरोपीय लोकांनी कळवलं की आता दुसरी कमान उंच झाली आहे. म्हणजे डाग होता आणि तो सरकला होता. परिशिष्ट होतं म्हणून त्यांना माझे जुने आकडे नवीनांशी ताडून बघता आले. परीक्षकांचं बरोबर होतं.

परत आले तेव्हा मुलीने खालांचं दार उघडलं आणि ती आत "आई आली, आई आली," असं ओरडत गेली, मराठीत. खालांनी विचारलं, "झाला काय गो?" मी म्हटलं, झालं. त्यांनी मला बसवून आधी जेवायला वाढलं. त्या वर्षाअखेरीस त्यांच्या साहेबांची नोकरी संपली आणि ते दोघं गावी गेले. मुलगी त्या दिवशी खूप रडली. तिची कोकणी सहा महिन्यांत गेली. आम्ही बोलायचा प्रयत्न केला, पण आम्हाला ती नीट येत नव्हती, आणि तिला आमच्याशी ती बोलायची नव्हती.

मी तिथल्या एका भारतीय शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवू लागले. संशोधनाची नोकरी बहरीनमध्ये नव्हती आणि नवऱ्याची नोकरी चांगली चालली होती. याबद्दल मी फारसा विचार केला नाही, की केला आणि आता आठवत नाही, हे सांगता येणार नाही.

त्या बाईशी मैत्री राहिली. तिच्याबरोबर एकदा मी सखीरला तिच्या विद्यार्थिनींपुढे माझ्या ताऱ्यावर बोलले. बोलायला उभी राहिले तेव्हा माझं इंग्रजी अडखळत होतं. आलेख फळ्यावर काढला, खड्डे दाखवले, दोन आकार काढले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"डॉक्टर, तुम्ही तो तारा बघितला आहे का?"

"दुर्बिणीतून. पुष्कळ वेळा."

"कसा दिसतो?"

"एक पांढरा ठिपका. शेजारच्या ठिपक्यांसारखाच."

"मग तुम्हाला तो ओळखू कसा यायचा?"

मी तिला नकाशाबद्दल सांगितलं. आधी एक ठळक तारा पकडायचा, तिथून दोन लहान ताऱ्यांची रेघ धरायची, मग थोडं डावीकडे. ती मान डोलावत लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिने मला डावीकडे म्हणजे नक्की किती ते विचारलं आणि मी फळ्यावर आलेखाच्या बाजूला नकाशा काढायला घेतला.